पाण्याला भिणारं कापड

आमच्या धंद्यात एक कापड असतं, ते पाण्याला भितं. विलायतेहून गुंडाळीनं येतं. असतं तलम सुताचंच, पण खळ पाजून असं घोटलेलं की हातात घेतलं तर कागदासारखं वाजतं आणि नकाशावर अंथरलं तर खालची रेघ न् रेघ वरून दिसते. मूळ नकाशा कागदावर पेन्सिलीनं काढायचा, त्यावर हे कापड ताणून बसवायचं आणि शाईनं गिरवायचं. कागद चार हातांत फाटतो, कापड फाटत नाही. म्हणून गवंड्याच्या हाती जाते ती ही कापडावरची नक्कल. मात्र पाण्याचा एक थेंब पडला की तिथली खळ फुगते, पांढरा फोड येतो आणि रेघ मेली. आता वऱ्हाडातल्या वैशाखात नकाशावर ओणवं बसायचं आणि कपाळावरून थेंब पडू द्यायचा नाही, हे कसं जमावं? म्हणून माझ्या वर्गात सगळे कपाळाला फडकं बांधून बसत. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटे, इथे डोकेदुखीचा दवाखाना उघडलाय.

नकाशे शिकवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यातलं काही लिहा, असा या मासिकाच्या चालकांचा दोन वर्षं आग्रह होता. मी टाळत होतो. लिहायला बसलो की पहिली आठवण यायची ती नेमकी न सांगण्यासारखी. यंदा मात्र ज्याची ती आठवण आहे, त्या महादू सुताराला विचारून आलो. तो म्हणाला, "लिवा. नाव बी लिवा." तेव्हा लिहितो.

मी मूळचा वाईकडचा. पुण्यास नकाशाचं काम शिकलो आणि पंचविशीच्या आत अमरावतीस आलो. अमेरिकेत लढाई पेटली होती, तिकडचा कापूस अडला होता, आणि विलायतेतल्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाड आठवलं होतं. वखारी, दाबखाने, सडका, आगगाडीची ठेसनं, सगळं एकदमच उभं राहायचं होतं आणि नकाशे काढणारे हात नव्हते. बांधकामाकडच्या साहेबांनी हात तयार करण्यासाठी वर्ग काढला. वर्ग म्हणजे एका वखारीची पुढची खोली. मागे कापसाच्या गाठी, पुढे आम्ही. शिंकल्यावाचून एक धडा पुरा होत नसे.

शिकायला आलेले म्हणजे दोन गवंडी, एक कारकून, एका पाटलाचा धाकटा भाऊ नामदेव, आणि महादू. महादू माझ्यापेक्षा वयानं मोठा. बैलगाडीची चाकं आणि जू करणाऱ्या घरातला. त्याच्या बापाला हा वर्ग मुळीच पसंत नव्हता. "सुतारानं लाकडावर रेघ मारावं. कापडावर रेघ मारून पोट भरते काय?" असं तो वखारीच्या दाराशी येऊन, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे.

नकाशा शिकवणं म्हणजे माणसाला न दिसणारं पाहायला शिकवणं. घर आडवं कापलं तर आत कसं दिसेल हे समजावण्यासाठी मी बाजारातून भोपळा आणून सुरीनं चिरला होता. धडा सगळ्यांना कळला. भोपळा कारकुनानं घरी नेला. तुटक रेघेपाशी मात्र गाडं अडलं. जी कड समोरून दिसत नाही, पण मागे आहे, ती तुटक रेघेनं दाखवतात.

"मास्तर, मांगची भित दिसतच नाई, तं काढता काहून?" नामदेवानं विचारलं.

"दिसत नाही, पण आहे ना? आहे म्हणून काढायची, दिसत नाही म्हणून तुटक."

"समजलं. आमच्या काकाच्या दुसऱ्या बिऱ्हाडावानी. दिसत नाई, पन साऱ्या गावाले ठाव हाय."

पुढे ती रेघ वर्गात 'काकाची रेघ' म्हणूनच ओळखली जाई. साहेब तपासणीला आले तेव्हा नामदेवानं त्यांना तिचं हेच नाव सांगितलं. साहेबांना मराठी बेताचं होतं, हे माझं नशीब.

गिऱ्हाइकंही तशीच. अकोल्याचे एक कापसाचे शेठ ठेसनाजवळ दाबखाना बांधणार होते. दाबखाना म्हणजे जिथे यंत्राखाली कापूस दाबून गाठी बांधतात ती जागा. मी काढलेला पहिला नकाशा त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि खाली ठेवला.

"मास्तर, एवढी मोठी इमारत काढली अन् एक मानूस नाई, एक बैल नाई. मसनवट हाय का?"

नकाशात माणसं काढत नाहीत, हे मी परोपरीनं सांगितलं. त्यांना ते अशुभ वाटलं. शेवटी कोपऱ्यात एक बैलजोडी काढून दिली तेव्हा नकाशा मंजूर झाला. पंधरवड्यानं त्यांचा गवंडी अकोल्याहून माझ्याकडे विचारायला आला, "बैल दगडाचे करा लागतीन का चुन्याचे?"

याच दाबखान्याच्या छपराची कैची महादूनं काढली. भिंतींमधलं अंतर फार मोठं, मध्ये खांब चालत नाही, म्हणून लाकडं एकमेकांत अडकवून तिकोनी कैची करतात आणि तिच्यावर छप्पर चढवतात. लाकडाचं काम म्हणून ते मी महादूला दिलं. तो रेघ सुरू करताना श्वास धरी आणि ती संपली की सोडी. लांब तिरपी रेघ असली की आम्ही सगळेच त्याच्याबरोबर श्वास धरून बसायचो. दोन पात्यांच्या लेखणीतून शाई इतकी एकसारखी उतरे की रेघ कुठे सुरू झाली हे बोट ठेवून सांगता येऊ नये. पुण्यात माझे गुरू होते त्यांच्याही हातून अशी रेघ मी पाहिली नव्हती. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. शिष्याची स्तुती केली की त्याचा हात सैल पडतो, असं मला शिकवलेलं. नकाशा पुरा झाला तेव्हा मी एवढंच म्हणालो, "बरं आहे."

त्याच सुमारास बडनेऱ्याला आगगाडीकडच्या एका साहेबांना नकाशे काढणारा माणूस कायमचा हवा होता. अट एकच. सर्वस्वी स्वतःच्या हाताचा एक नकाशा दाखवायचा. साहेब लवकरच नागपूरकडे जाणार होते, जाण्याआधी माणूस नेमणार होते. मी महादूचं नाव सुचवलं. त्यानं कोपऱ्यात आपलं नाव घातलं, जपून गुंडाळी केली आणि ती माझ्या हाती दिली.

"मास्तर, हे झालं तं बापाले दाखवीन का कापडावरची रेघ पोट भरते."

मी ती गुंडाळी घरी आणली. बडनेऱ्याला नेण्याआधी सकाळच्या उजेडात एकदा तपासावी, हा माझा शिरस्ता.

आता घरातलं सांगायला हवं. आमची मंडळी, राधा, गरोदर होती. आधीच्या दोन बाळांनी पाचवीसुद्धा पाहिली नव्हती. तिला माहेरी पाठवावं तर वाई कुठे आणि अमरावती कुठे. शेजारी गयाबाई म्हणून एक कुणबीण होती, सात लेकरांची आई, तिच्यावरच सारी भिस्त. तिनं राधाला बजावून ठेवलं होतं, "बाई, नवं कापड घालू नको लेकराले. जुनं लागते, काम केल्यालं." ही रीत सगळीकडेच आहे. जुनं लुगडं मऊ असतं, टोचत नाही, आणि थोरामोठ्याच्या अंगावरून आलेलं असलं तर आयुष्य देतं. पण आमचा संसार नवा, घरात वडीलधारं कुणी नाही, जुनं म्हणावं तर माझी दोन जाडीभरडी धोतरं. आणि बाजारात कापडाला हात लावायची सोय राहिली नव्हती. जिकडे पाहावं तिकडे कापूस, गाड्यांतून सांडलेला कापूस वाऱ्यानं आमच्या ओसरीवर येई, आणि त्याच गावात लेकराच्या अंगड्याला कापड मिळेना. सगळा कापूस विलायतेला चालला होता.

तिकडून परत येत होतं ते माझं नकाशाचं कापड. पुण्यात आमच्या गुरूंच्या घरी वाया गेलेल्या नकला राखेच्या पाण्यात उकळून धूत. खळ निघून गेली की खाली लोण्यासारखं मऊ कापड उरे. हे राधाला मीच कधीतरी हौसेनं सांगितलेलं. शाईचे फराटे आणि फोड पडून वाया गेलेल्या नकलांची एक गुंडाळी माझ्या कोपऱ्यात पडलेली होती.

"अहो, ती कोपऱ्यातली गुंडाळी वाया गेलेलीच ना? घेऊ?"

मूर्तिजापूरच्या कामाची मापं मी कागदावर उतरवत होतो. मान वर न करता म्हणालो, "हो, घे."

कोपऱ्यात त्या दिवशी गुंडाळ्या दोन होत्या.

मी मूर्तिजापूरला गेलो तो तिकडे अडकलो. परतलो तेव्हा दारातच गयाबाई भेटली. "मास्तर, पोरगी झाली. दिवसाच्या आदी आली, पन चांगली हाय. आंग कसं पिंजल्या कापसावानी." मग मला अडवून म्हणाली, "म्या बाईले इच्यारलं, हे कापड कोनी देल्लं? म्हने, मालकानं. मंग बरं. लेकराचं पहिलं कापड कोनी हातानं देल्लेलं पायजे. उचललेलं लाभत नाई."

सोयर होतं, म्हणून मी खोलीच्या उंबऱ्यावरून पाहिलं. राधानं बाळाला माझ्याकडे वळवलं. मुलगी जिवंत होती, मूठ चोखत होती. आणि तिच्या अंगड्यावर, पाठीवरून खांद्याकडे गेलेली एक फिकट राखाडी तिरपी रेघ होती. शाई चांगली असली तर पुरती धुतली जात नाही. ती रेघ कुठे सुरू झाली ते सांगता येत नव्हतं.

त्या क्षणी मला एकाच वेळी जे वाटलं, ते अजून मला वेगळं करता आलेलं नाही. पोरीला पाहून डोळे भरले होते आणि त्याच डोळ्यांना महादूची कैची दिसत होती. "कसं झालंय अंगडं?" राधानं विचारलं. मी म्हणालो, "फार छान." ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याला जायचं होतं. मी जाऊन साहेबांना घडलं ते सांगू शकलो असतो. महादूला सांगितलं असतं तर त्यानं कपाळाला फडकं बांधून पुन्हा बैठक मारली असती. मी साहेबांकडे तेवढी सवड मागायची होती. मी काहीच केलं नाही. आजवर मनाला सांगत आलो की राधाला बोल लागू नये म्हणून. आता तेही सोडतो. शिष्याचा नकाशा ज्याच्या घरात राखेच्या पाण्यात उकळला, तो मास्तर म्हणून माझं हसं झालं असतं. मला त्याचीच भीती होती.

महादू वर्गात सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता.

"काय म्हने साह्यब?"

"पसंतीस उतरलं नाही."

अगदी सरळपणे, शिकण्याच्या इच्छेनंच त्यानं विचारलं, "कोठी चुकलं, मास्तर?"

चूक तर कुठेच नव्हती. मला ती बनवावी लागली. मी म्हणालो, "रेघ थरथरते, महादू. हात सुताराचा आहे."

त्यानं आपला हात उताणा करून पाहिला, मग पालथा करून पाहिला. कपाळाचं फडकं सोडलं, घडी केली आणि नकाशाच्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. पुढे कळलं की अकोल्याला जाऊन त्याच शेठच्या दाबखान्यावर सुतारकाम करतो आहे. दुसऱ्या कुणी काढलेल्या नकाशावरून त्यानं ती कैची स्वतः कापून चढवली.

माझा वर्ग चालत राहिला. कापसाचा भाव पडला, शेठ बुडाले, साहेब बदलले, मी शिकवत राहिलो. माझे शिष्य आज नागपुरापासून भुसावळापर्यंत आहेत. माझी एक ख्याती झाली आहे, ती म्हणजे मास्तर मऊ आहेत, कुणाची रेघ वाईट म्हणत नाहीत. वाकडी असली तरी "चांगली आहे, आणखी एकदा काढ" म्हणतात. लोकांना तो माझा स्वभाव वाटतो.

गोदू, म्हणजे ती मुलगी, गेल्या हिवाळ्यात पहिल्या बाळंतपणासाठी घरी आली. मुलगा झाला. राधानं ट्रंकेच्या तळातून ते अंगडं काढलं. आईचं अंगडं लेकराला, याहून जुनं कापड कुठलं मिळणार? माझ्या तोंडून निघून गेलं, "ते नको."

"का बरं? जगवणारं अंगडं आहे ते."

मग मी बसलो आणि सगळं सांगितलं. ती अंगड्याच्या नाड्या सरळ करत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"मला वाईट वाटू नये म्हणून त्याचा हात वाईट ठरवलात?"

तिनं अंगड्याची घडी घालून माझ्यापुढे ठेवली. "उचललेलं आहे हे. गयाबाई काय सांगायच्या आठवतं ना? घेऊन जा त्याच्याकडे. त्यानं दिलं तर बाळाला घालीन. नाही दिलं तर तिथेच ठेवून या." गोदू आतून म्हणाली, "आई, तोवर हा काय उघडा राहील?" "तुझ्या बाबांचं धोतर आहे," राधा म्हणाली.

बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेलो. महादूचा कारखाना ठेसनाच्या अलीकडेच, दारात अर्धी चाकं टेकवलेली. केस पिकलेले, पण बांधा तोच. मला पाहून रंधा खाली ठेवला.

"अजी मास्तर! रस्ता चुकले काय?"

गूळपाणी झालं. माझी हकीकत विचारली, आपली सांगितली. हाताखाली माणसं आहेत, काम भरपूर आहे. मी इकडेतिकडे पाहत होतो. नकाशा कुठे नव्हता. जमिनीवर कोळशानं चाकाचा घेर काढलेला होता. मी अंगडं त्याच्या हाती दिलं.

"हे काय? पोराचं अंगडं? मले कायले?"

"उजेडात धर."

तो दारात गेला. कापड दोन्ही हातांनी ताणलं. बराच वेळ मला त्याची पाठच दिसत होती.

"ही तं माही कैची हाय," तो म्हणाला.

मी सांगितलं. गुंडाळ्या, मूर्तिजापूर, उंबरा, सगळं. तो वळला नाही.

"म्हंजे साह्यबानं पायलंच नाई?"

"नाही."

"मंग थरथरते, हे कोनी म्हनलं?"

"मी."

आतले कारागीर ठोकायचे थांबले होते. महादू येऊन लाकडाच्या ओंडक्यावर बसला.

"माहा बाप मराले टेकला होता ना मास्तर, तवा मले म्हने, सांगत होतो ना तुले, हात सुताराचा हाय. म्या म्हनलं, हो बा, मास्तर बी तेच म्हनत. तवापासून लेखनी हाती घेतली नाई म्या. घ्यावं वाटे. मंग हाताकडे पायत बसो."

मी क्षमा मागितली. कोणत्या शब्दांत, ते आठवत नाही. त्यानं ऐकलं की नाही, तेही कळलं नाही. तो उठला, ठोकळ्यावरचा भुसा फुंकून काढला, त्यावर अंगडं पालथं घातलं आणि तळव्यांनी सुरकुत्या काढल्या. खुंटीवरची सरळी घेतली, ज्या पट्टीवर तो लाकडाची कड पारखतो ती, आणि त्या फिकट रेघेला लावून ठेवली. मग एक डोळा मिटून खाली वाकला. त्यानं श्वास धरला होता. मीही धरला.

"सरळ हाय," तो म्हणाला. आणि जरा वेळानं, "सरळच हाय, मास्तर."

"तेव्हाही सरळच होती."

"पोरगी जगली ना?"

"जगली. तिचंच बाळ आहे आता."

त्यानं घडी घातली. सुताराच्या हाताची घडी, चारी कोपरे नेमके जुळलेली. घडी हातात धरून थोडा वेळ उभा राहिला, आणि मला वाटलं, देणार नाही. त्यानं दिलं नसतं तर मी काही म्हणणार नव्हतो.

"धरा," तो म्हणाला. "आता म्या देल्लं."

मी दोन्ही हात पुढे केले. त्या कापडातली खळ केव्हाच गेलेली होती. आता त्याला पाण्याची भीती राहिली नव्हती. तरी जन्माची सवय. घेताना मी मान मागे केली, थेंब कापडावर पडू नये म्हणून.